तापाची तारीख लिहून ठेवा

चांदूर बाजारात पहिला दमदार पाऊस झाला की घरोघरचे कूलर बंद होतात. बंद होतात, पण रिकामे होतातच असं नाही. टाकीच्या तळाशी चार बोटं पाणी उरतं, कूलर खिडकीतच राहतो आणि माणसं सोयाबीन-कपाशीच्या मागे लागतात. एडिस इजिप्ती या डासाला एवढं पाणी भरपूर झालं. पावसाळी हवेत अंड्यापासून उडता डास तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात. पाणी आटलं तरी अंडी मरत नाहीत. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या आतल्या अंगाला चिकटून ती महिनोन्‌महिने कोरडी पडून राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. पावसाळ्यात नुसता ओतून दिलेला आणि न घासलेला कूलर पुढच्या उन्हाळ्यात भरला, की गेल्या वर्षीची अंडी त्यात जागी होतात.

वऱ्हाडात या डासाची आणखीही सोय आहे. नळ रोज येईलच याचा भरवसा नाही, म्हणून ड्रम आणि सिमेंटची टाकी भरून ठेवावीच लागतात. दर्यापूर-अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, तिथे गोडं पाणी साठवणं ही चैन नाही, गरज आहे. हा डास गटारातला नव्हे. त्याला साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आवडतं. गाडगेबाबांचा हा जिल्हा. अंगण झाडून लख्ख ठेवणाऱ्या घरातही झाकण नसलेल्या टाक्यात त्याची पिलावळ वाढते, म्हणून ‘आमच्याकडे घाण नाही, मग डेंगू कसा?’ हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो. शिवाय हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलताना जास्त. रात्रीची मच्छरदाणी त्याच्यापुढे फारशी कामाची नाही.

डेंगू आणि चिकुनगुनिया हे याच डासाने पसरणारे दोन विषाणू. धडधाकट माणसाला बहुधा आठवडाभर आडवं करून ते निघून जातात. हा लेख आहे तो ज्यांचं शरीर आधीच स्वतःशी भांडतं आहे अशा माणसांबद्दल: आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्यूपस, प्लेटलेट नष्ट करणारा आयटीपी, मणक्याचा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. या सगळ्यांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. शरीराची जी यंत्रणा जंतूंशी लढायची, ती आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडावर उलटते. तिला आवरण्यासाठी रुग्ण मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, स्टेरॉइड अशी औषधं वर्षानुवर्षं घेतात. अशी माणसं दुर्मीळ नाहीत. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा प्रौढांत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास निघालं. या हिशेबाने दहा हजार प्रौढांच्या वस्तीत पन्नासेक रुग्ण, आणि त्यांतल्या बहुतेक बाया. पाणी भरणं, निंदण, सांजसकाळची भांडी हे सगळं ज्यांच्या वाट्याला, त्याच.

त्यांना डास चावतो तेव्हा विषाणू शरीरात जातो हे खरंच, पण धोका तेवढ्याने होत नाही. नवा ताप आणि जुना आजार यांचे चेहरे एकसारखे दिसू लागतात, आणि तिथून पुढे उपचार चुकायला सुरुवात होते.

चिकुनगुनिया आधी घेऊ. हा विषाणू रक्तातून सांध्यांच्या अस्तरात, स्नायूंत आणि त्यांभोवतीच्या तंतुपेशींत शिरतो. त्याला गाठायला मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिथे जमा होतात आणि सूज वाढवणारी रसायनं सोडतात. त्यांतली इंटरल्यूकिन-6सारखी काही रसायनं आमवातातही तेच काम करतात. म्हणून मनगटं, बोटांची पेरं, घोटे दोन्ही बाजूंनी एकदम सुजतात, सकाळी मूठ वळत नाही, पायरी उतरवत नाही. ‘बुखार त गेला जी, पण हाडं नाही सोडत’ अशी तक्रार साथीनंतर आपल्याकडच्या प्रत्येक दवाखान्यात ऐकू येते. 2014मध्ये कॅरिबियन बेटांत साथ आली. तिथून चिकुनगुनिया घेऊन अमेरिकेत परतलेल्या दहा जणांना डॉक्टरांनी नीट तपासलं, तर आठ जण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या मान्य निकषांत चपखल बसत होते. त्यांना तो आजार नव्हता.

आता याची दुसरी बाजू पाहा. साथीच्या दिवसांत एखाद्या बाईला खराच आमवात सुरू होतो. आजूबाजूला सगळ्यांचे सांधे दुखत असतात, म्हणून तिलाही ‘चिकुनगुनियाचं आहे, जाईल हळूहळू’ असं सांगितलं जातं. घरचे सांगतात, शेजारी सांगतात, कधी डॉक्टरही. आमवातात पहिले काही महिने फार मोलाचे असतात. त्या काळात योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाचतात, नाही तर हाड झिजायला लागतं, आणि झिजलेलं हाड परत येत नाही. मला या दोन चुकांतली ही दुसरी जास्त जिव्हारी लागते. पहिल्या चुकीत नको ते औषध काही महिने पोटात जातं. दुसरीत बोटं वाकडी होतात.

रक्ताच्या तपासणीने निकाल लागतो का? काही अंशी. आरए फॅक्टर आमवाताच्या दहापैकी सात-आठ रुग्णांत सापडतो, पण तो धडधाकट माणसांतही कधी कधी असतो आणि विषाणूच्या तापानंतर तात्पुरता वाढू शकतो. अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक विश्वासाची. नुसत्या चिकुनगुनियानंतर ती सहसा निगेटिव्ह येते. म्हणून तापानंतर सहा महिन्यांनीही मनगट सुजलेलं असेल आणि सीसीपी चांगलीच पॉझिटिव्ह असेल, तर विषाणूवर खापर फोडून थांबू नये. उलट सीसीपी निगेटिव्ह, तापाच्या आधी सांध्यांची काहीच तक्रार नव्हती आणि ताप साथीतच आला होता, तर घाईने ‘जन्माचा वात’ असा शिक्का मारू नये. हे ठरवायला ताप केव्हा आला, त्यात पुरळ होतं का, सांधे तापाच्या आधीपासून दुखत होते की नंतर दुखू लागले, हे कळावं लागतं. नेमकं तेच आपल्याकडे कुणाच्या कागदावर नसतं.

विदर्भाला हा विषाणू नवा नाही. 1965मध्ये नागपुरात तापाची मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे 1952मध्ये सुरू झालेल्या आणि आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, तिचा तपास केला तेव्हा चिकुनगुनिया आणि डेंगू दोन्ही सापडले. त्याच तपासात दोन रुग्णांच्या रक्तात एक तिसरा, तोवर अज्ञात विषाणू मिळाला, तोच चांदीपुरा. तो डासाने नव्हे तर वाळूमाशीने पसरतो, म्हणून इथे त्याचा एवढाच उल्लेख. पुढे 1973मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाने गावच्या गाव झोपवलं आणि मग तीस-बत्तीस वर्षं तो जणू नाहीसाच झाला. 2005च्या अखेरीस तो परतला तो आफ्रिकेतल्या वेगळ्या वाणाचा. 2006मध्ये देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, एकट्या महाराष्ट्रात अडीच लाखांवर. 2024च्या पावसाळ्यातही नागपूर आणि पुण्याने त्याचा तडाखा पाहिला.

2006च्या साथीनंतर डॉ. चोप्रांच्या गटाने सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात रुग्णांचा दोन वर्षं माग काढला. त्यांना दिसलं ते दिलासा देणारं होतं: बहुतेकांचे सांधे काही महिन्यांत सुटले आणि दोन वर्षांनंतरही दुखणारे फार थोडे उरले. मोठ्या दवाखान्यात बसून पाहिलं तर चित्र भयंकर वाटतं, कारण तिथे न बरे झालेलेच पोचतात. याच गटाने पुण्यात आणखी एक प्रयोग केला. हिवतापावरचं क्लोरोक्विन सांध्यांच्या आजारांतही वापरतात, म्हणून चिकुनगुनियानंतरच्या सांधेदुखीवर त्याची मेलोक्सिकॅम या साध्या वेदनाशामकाशी तुलना केली. क्लोरोक्विन सरस ठरलं नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण चिकुनगुनियावर ‘मलेरियाची गोळी’ घेण्याचा सल्ला अजून गावोगाव फिरतो आहे.

मग काहींचे सांधे वर्षानुवर्षं का दुखत राहतात? यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि तो वाद थेट औषधांशी जोडलेला आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर 2005-06मध्ये तिथल्या लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना लागण झाली होती. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही मॅक्रोफेज पेशींमध्ये विषाणूचे जनुकीय अंश सापडले. कोलंबियात मात्र दीर्घकाळ सांधे दुखणाऱ्या रुग्णांच्या सांध्यांतलं पाणी तपासलं, तेव्हा विषाणू मिळाला नाही. विषाणू दडून बसला असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देताना हात आखडावा लागेल. तो गेला असेल आणि मागे उरलेली नुसती सूज धुमसत असेल, तर हीच औषधं गुणकारी ठरतील. प्रत्यक्षात तीन महिन्यांनंतरही ठळक सूज असलेल्यांना तज्ज्ञ मेथोट्रेक्सेट देतात आणि पुष्कळांना त्याचा गुण येतो. पहिल्या आठवड्यात मात्र ते देण्याचं कारण नाही.

ज्यांना आमवात आधीपासूनच आहे त्यांचं काय, हा प्रश्न उरतो. त्यांच्यात ताप अधिक घातक ठरतो का? वाटतं तितकं हे सरळ नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये 2014च्या साथीत बायोलॉजिकल औषधं घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांकडे डॉक्टरांनी बारकाईने पाहिलं, तेव्हा इतरांपेक्षा त्यांची अवस्था वाईट झालेली दिसली नाही. चिकुनगुनियात त्रास देतो तो बराचसा शरीराचा स्वतःचाच भडका, आणि ही औषधं तोच भडका दाबतात. त्यामुळे हे समजण्यासारखं आहे. पण सगळ्या औषधांना आणि सगळ्या विषाणूंना हे लागू नाही. रिटुक्सिमॅब हे औषध अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशींची फळीच रिकामी करतं. ते घेणाऱ्यांत वेस्ट नाइल हा डासाने पसरणारा विषाणू मेंदूपर्यंत जाऊन फार गंभीर ठरल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. शिवाय अशा रुग्णाला खरोखर डेंगू किंवा चिकुनगुनिया झाला, तरी अँटिबॉडी शोधणारी तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं सांगितलं तरच ते विषाणू थेट शोधणारी तपासणी करतील.

डेंगूचं गणित वेगळं आणि जास्त जोखमीचं आहे. ल्यूपसच्या रुग्णाला ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी, हे सगळं ल्यूपस उसळल्यानेही होतं आणि डेंगूनेही. ल्यूपस समजून स्टेरॉइड दुप्पट केलं आणि निघाला डेंगू, तर शरीर द्रवपदार्थासाठी तहानलेलं असताना दुसऱ्याच आघाडीवर उपचार चालतात. डेंगू समजून नुसतं सलाइन लावत बसलो आणि आतून ल्यूपस मूत्रपिंड खात होता, तर तेही हातचं जातं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट औषधानेही घटतात, यकृताची एन्झाइम औषधानेही वाढतात, आणि डेंगू अगदी हेच करतो. ‘पेशी कमी झाल्या’ एवढ्या वाक्याने काहीच ठरत नाही. आयटीपीच्या रुग्णाच्या प्लेटलेट एरवीच साठ हजार असतील, तर तापातल्या पन्नास हजारांचा अर्थ वेगळा. एरवी अडीच लाख असतील तर वेगळा. ठणठणीत असतानाचा जुना रिपोर्ट जवळ असणं हे कितीतरी नव्या तपासण्यांपेक्षा कामाचं.

डेंगूत प्लेटलेट घटण्याच्या कारणांत एक कारण ऑटोइम्यूनच आहे. विषाणूच्या एनएस1 या प्रथिनाविरुद्ध शरीर ज्या अँटिबॉडी बनवतं, त्यांतल्या काही प्लेटलेटला आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही चिकटतात. झिकाचंही असंच: 2013-14मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात झिकाच्या साथीमागोमाग गियाँ-बारे या हातपाय लुळे पडणाऱ्या ऑटोइम्यून आजाराचे रुग्ण वाढले. महाराष्ट्रातली झिकाची पहिली रुग्ण जुलै 2021मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडली, आणि तिला त्याच वेळी चिकुनगुनियाही होता. एकाच गावात, एकाच डासाकडून दोन विषाणू एकदम, ही शक्यता डॉक्टरांनी मनात ठेवावी अशीच आहे.

आता प्रत्यक्ष ताप आल्यावर काय करायचं. डेंगू नाही हे कळेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढतो. आमवाताच्या रुग्णाच्या घरात नेमक्या याच गोळ्या डब्यात असतात, हात तिकडेच जातो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, ओआरएस, ताक हे ठीक. हृदयरोगासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध. अंगात सपाटून ताप असताना त्या आठवड्याचा डोस बहुतेक तज्ज्ञ थांबवायला सांगतात, कारण उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी घटलं की मूत्रपिंडं मंदावतात आणि औषध शरीरात साचतं. तरीही फोन करून विचारावं, आणि ताप उतरल्यावर पुन्हा सुरू करायला विसरू नये. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात. स्टेरॉइड मात्र एकाएकी कधीही बंद करायचं नाही. महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन घेणाऱ्याच्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं जवळजवळ सोडलेलं असतं. तापात गोळी तोडली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. उलट गंभीर आजारात डॉक्टर तो डोस वाढवतात. इथे एक गोष्ट पोटतिडकीने सांगावीशी वाटते. सांधेदुखीवर बाजारात, गाडीवर, ओळखीतून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. खाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. असा माणूस तापात पुड्या बंद करतो आणि अचानक ढेपाळतो. डॉक्टर डेंगूच्या शॉकचा विचार करत राहतात. पुडी घेत असाल तर लाज न बाळगता सांगा, जमल्यास पुडीच दाखवा.

डेंगूमध्ये ताप उतरतो तेच दिवस, साधारण तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे, जास्त धोक्याचे असतात. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, गळून गेल्यासारखी सुस्ती ही लक्षणं दिसली की दवाखाना गाठावा. स्टेरॉइड घेणाऱ्याचा ताप मुळातच दबलेला असू शकतो, म्हणून ‘ताप फारसा नाही’ यावर त्याने विसंबू नये. पपईच्या पानांच्या रसावर आणि महागड्या किवीवर लोक जेवढा जीव टाकतात, तेवढा लघवी नीट होते आहे का हे पाहण्यावर टाकला तर जास्त बरं.

लशींबाबत थोडक्यात. 2023मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली चिकुनगुनियाची पहिली लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती. भारतात ऑगस्ट 2024पासून मोठी चाचणी सुरू झालेली डेंगूची लसही त्याच प्रकारची. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना जिवंत लस सहसा देत नाहीत. त्यामुळे उद्या गावात लस आली तरी या रुग्णांचं रक्षण घरातल्या इतरांनी लस घेण्यावर आणि डास कमी होण्यावरच राहील. घरात आमवाताची बाई असेल तर आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळणं, टाकी रिकामी करून काथ्याने आतून घासणं, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडणं हे तिच्या औषधोपचाराचाच भाग समजावं, आणि ते काम तिच्या सुजलेल्या हातांवर न टाकता घरातल्या धडधाकट माणसाने करावं. आशाताई कंटेनर तपासायला आल्या तर त्यांना मागच्या अंगणातही नेऊन दाखवावं. फुटके टायर आणि जुने माठ तिथेच असतात.

सांध्यांचे तज्ज्ञ तालुक्याच्या गावी बसत नाहीत. चांदूर बाजारच्या रुग्णाला अमरावती गाठावी लागते, पुष्कळदा नागपूर. तिथे पोचेपर्यंत ताप येऊन दोन-तीन महिने झालेले असतात, आणि तज्ज्ञापुढे उरते ती फक्त आठवण: ‘पोळ्याच्या आसपास आला होता बुखार.’ एवढ्यावर त्याने काय ठरवायचं? डेंगूचं एनएस1 पहिल्या पाच दिवसांतच खात्रीने सापडतं. चिकुनगुनियाचा विषाणू थेट पकडणारी आरटी-पीसीआर पहिल्या आठवड्यातच उपयोगी. त्यानंतर आयजीएम अँटिबॉडीवर भिस्त, आणि ती काही रुग्णांत महिनोन्‌महिने टिकते, म्हणजे उशिरा सापडली तर लागण या पावसाळ्यातली की आधीची हेही नक्की सांगता येत नाही. सरकारी यंत्रणेतून ठरावीक रुग्णालयांत या तपासण्या पुण्याच्या संस्थेने पुरवलेल्या किटवर मोफत होतात. ग्रामीण रुग्णालयात विचारलं तर नमुना कुठे पाठवायचा ते कळतं.

तेव्हा ऑटोइम्यून आजाराची फाइल ज्यांच्या घरात आहे त्यांनी या पावसाळ्यापासून एवढं करावं. ताप कोणत्या तारखेला चढला ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहावं. पाच दिवसांच्या आत रक्त द्यावं आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी जपून ठेवावा. चालू औषधांची नावं आणि ठणठणीत असतानाच्या प्लेटलेटचा आकडा त्याच पानावर असू द्यावा. आणि साथीच्या दिवसांत कुणीही, कितीही अनुभवी असो, तपासणीआधी स्टेरॉइड वाढवू लागला, तर ते पान त्याच्यासमोर ठेवून ‘आधी डेंगू बघा’ असं स्पष्ट सांगावं.